कापूस, कापूर आणि नायलॉनचा पदर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. बोलताना जे राहून गेले ते लिहिताना भरले आहे.)



दर वर्षी या दिवशी बाहेरून कोणी विदुषी येतात, आपण त्यांचे ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि चिवडा खाऊन घरी जातो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यातलीच कोणी तरी उभी राहावी. माझे नाव कोणी सुचवले ते मला ठाऊक आहे, पण तिला मी इथे लाजवत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण असे मी आजवर एकदाच केले, तेही पाचवीत, पंधरा ऑगस्टला, आणि मधेच रडून खाली उतरले. तेव्हा आज पाय कापत असले तर समजून घ्यावे.

विषय मात्र माझा मी निवडला. समोर टेबलावर सहा बशा, एक चिमटा, मेणबत्ती आणि पाण्याची बादली ठेवली आहे. काही जणींना वाटले की आज पाककृती आहे. तसे नाही. आज मी तुम्हाला नायलॉन, पॉलिएस्टर आणि प्लॅस्टिक यांच्याविषयी चार गोष्टी सांगणार आहे. या वस्तू आपल्या घरात इतक्या शिरल्या आहेत की त्या कोण आहेत, कुठून आल्या, आणि विस्तवापुढे त्या कशा वागतात, हे विचारायचेच आपण विसरलो.

सकाळपासूनचा हिशेब करा. डोळे उघडल्यावर हातात घेतलेला दात घासायचा ब्रश, त्याचे केस नायलॉनचे. अमेरिकेत १९३८ साली नायलॉन पहिल्यांदा बाजारात आले ते साडी म्हणून नव्हे, मोजे म्हणूनही नव्हे, दातांच्या ब्रशाचे केस म्हणून. त्याआधी तिथे डुकराचे केस वापरीत. पुढे दुधाची पिशवी, ती पॉलिथिनची. बादली आणि मग, बहुधा पॉलिप्रॉपिलिन. कुकरचा दांडा आणि विजेचे जुने काळे बटण, बेकेलाइट. विजेच्या तारेवरचे वेष्टन, पीव्हीसी. पायातली चप्पल, खिडकीचा पडदा, मुलांचा डबा, साडी, साडीचा फॉल, फॉल शिवलेला धागा आणि कपाळावरची टिकली. सौभाग्याचे लेणेसुद्धा आपण आता पाकिटातून सोलून लावतो. मी तक्रार करत नाही. पिंजर घामाने ओघळून डोळ्यात जाई, त्यापेक्षा टिकली बरी.

हे पदार्थ म्हणजे नेमके काय? मला समजले ते असे. क्रोशाचा रुमाल विणताना आपण आधी साखळी घालतो. एक टाका, त्यात दुसरा, त्यात तिसरा. टाका एकटा काहीच नाही, पण हजार टाक्यांची साखळी झाली की तिला ताण देता येतो. निसर्गही हेच करतो. कापसाचा तंतू अशाच लांब साखळ्यांचा असतो, तसर किड्याचा कोसाही तसाच. माणसाने एवढेच केले की दगडी कोळसा आणि खनिज तेल यांतून लहान टाके काढले आणि कारखान्यात त्यांची साखळी घातली. ‘पॉली’ म्हणजे अनेक. पॉलिथिन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलिन ही सगळी अनेक टाक्यांची विणकामे. टाका बदलला की गुण बदलतो. आणि ऐकून नवल वाटेल, पाण्याची पारदर्शक बाटली आणि पॉलिएस्टरची साडी या एकाच पदार्थाच्या आहेत. वितळवून फुगवला तर बाटली, चाळणीसारख्या बारीक भोकांतून ओढला तर धागा. जुन्या बाटल्यांचा पुन्हा धागा करतात तो त्यामुळेच. आज जगात जेवढा धागा तयार होतो, त्यातला निम्म्याहून अधिक पॉलिएस्टरचा आहे.

आता या वस्तूंना नावे ठेवण्याची एक पद्धत पडली आहे. त्या पद्धतीत मी सामील होणार नाही, कारण मी रोवणी पाहिली आहे.

माझे माहेर धानाच्या भागातले. आषाढात बांधीत गुडघाभर चिखल, वरून पाऊस, आणि आई दिवसभर कंबरेत वाकलेली. पाठीवर चुंगडी घ्यायची, ती भिजून अशी जड व्हायची की पावसाचे ओझे वेगळे आणि चुंगडीचे वेगळे. मग एका वर्षी बाजारातून प्लॅस्टिकचा मोठा कागद आला. मीटरभर कापायचा, डोक्यावरून घेऊन गळ्याशी बांधायचा. आई त्या संध्याकाळी घरी आली तेव्हा तिची पाठ कोरडी होती. मी सात-आठ वर्षांची असेन, पण ती कोरडी पाठ मला आठवते. दोनच लुगडी असलेल्या बाईला नायलॉनची साडी म्हणजे काय होते, तेही मला माहीत आहे. रात्री धुतली की सकाळी वाळलेली. पावसाळ्यात ओल्या सुती लुगड्याने अंग लागून फोड येत, ते गेले.

आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. आमच्या सासूबाईंनी लग्नातली पितळेची गुंड भांडेवालीला देऊन प्लॅस्टिकच्या दोन घागरी घेतल्या, तेव्हा घरातले सगळे पुरुष हसले. वारसा विकला म्हणाले. पण विहिरीवरून ती गुंड कमरेवर त्यांच्यापैकी एकानेही कधी आणली नव्हती. पितळ जड, त्याला आठवड्याला चिंच लावून घासायचे, वर कल्हई करायची. मी मनातून सासूबाईंच्या बाजूची होते. तेव्हा तोंड उघडले नाही, आज उघडते.

जिल्ह्यातल्या तलावांवर ढिवर बांधवांना विचारा. सुती जाळे रोज वाळवावे लागे, नाही तर कुजे. नायलॉनचे जाळे कुजत नाही. हा केवढा आराम! पण तलावात तुटून राहिलेले जाळेही कुजत नाही, आणि कोणी ओढणारा नसला तरी त्यात मासा, कासव, पाणकोंबडी अडकतच राहते. हे लक्षात ठेवा. या सगळ्या वस्तूंची हीच कथा आहे. ज्या गुणासाठी आपण त्यांना घरी आणले, तोच गुण दुसऱ्या जागी उलटतो. नायलॉन तुटत नाही म्हणून दोर चांगला. तोच न तुटणारा धागा संक्रांतीला मांजा झाला की नागपुरात दुचाकीवरच्या माणसाचा गळा चिरतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी जानेवारी आला की बातम्या येतातच. मुलांच्या चक्रीला आधी आपण घरी हात लावून पाहावा. पोलीस मग पाहतील.

स्वयंपाकघराकडे येते. प्लॅस्टिकच्या दोन जाती आहेत, एवढे समजले तरी पुष्कळ झाले. एक जात गुळासारखी. तापवली की पातळ, निवली की घट्ट, पुन्हा तापवा, पुन्हा पातळ. पिशवी, बादली, बाटली, डबा या सगळ्या गुळाच्या जातीच्या. दुसरी जात भाकरीसारखी. एकदा भाजली की भाजली, तिचे पुन्हा पीठ होत नाही. बेकेलाइट हे भाकरीच्या जातीचे. लिओ बेकलँड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते १९०७ साली केले. पूर्णपणे कारखान्यात जन्मलेले ते पहिले प्लॅस्टिक. ते वितळत नाही आणि वीजही नेत नाही, म्हणून कुकरच्या आणि तव्याच्या दांड्याला ते बसवतात. मेलामाइनच्या ताटल्याही याच जातीच्या, पण त्या वाढण्यासाठी आहेत. त्यांत काही तापवू नये, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नये.

गुळाच्या जातीतही कमी-जास्त आहे. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा कोरलेला असतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचा पदार्थ. तीत कढत पाणी ओतले की ती कशी कंबर मोडते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ४ म्हणजे मऊ पिशव्यांचे पॉलिथिन. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ते त्यातल्या त्यात उष्णता सोसते. घरातले डबे उलटे करून पाहा. मी पाहिले तेव्हा कढत वरण ज्यात ओतत होते त्याच्या बुडाशी आकडाच नव्हता. तो डबा आता खिळे ठेवायला आहे. न चिकटणाऱ्या तव्यावर टेफ्लॉनचा लेप असतो. टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत चुकून सापडले. तो तवा रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नये. २६० अंशांच्या वर लेप बिघडू लागतो आणि धूर येतो. भाकरीला आपला लोखंडी तवाच ठेवावा. ही माझी आवड आहे, विज्ञान नव्हे.

आता जे सांगण्यासाठी उभी राहिले, ते सांगते.

२००८ ची दिवाळी. मुलगी दीड वर्षाची, आतल्या खोलीत झोपलेली. मी चकल्या तळत होते. अंगावर जॉर्जेटची साडी, माझ्या भावाने भाऊबीजेची म्हणून आधीच पाठवलेली, गुलाबी, अंगावर पाण्यासारखी पडणारी. जॉर्जेट हे खरे रेशमाचे कापड. पण आपल्या दुकानांत स्वस्तात मिळते ती जॉर्जेट पॉलिएस्टरची असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मागच्या फळीवरचा डबा काढायला हात लांबवला आणि पदर शेजारच्या बर्नरवर आला.

ज्वाला मोठी नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण जळाल्याच्या गोष्टींत आपल्याला नेहमी भडका दिसतो. तसा भडका उडाला नाही. पदर आक्रसला. कागद चुरगळावा तसा आत आत गेला, आणि त्याचे थेंब झाले. तापलेल्या लाखेचे थेंब. ते माझ्या डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत पडले आणि तिथेच बसले. कोणीही करील तेच मी केले. कापड ओढून काढले. कापडाबरोबर कातडी आली.

शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू माझ्या ओरडण्याने धावल्या. आधी त्यांनी गॅस बंद केला, मग माझ्या बांगड्या उतरवल्या, मग हात नळाखाली धरला, आणि मी कितीही म्हटले तरी सोडला नाही. मी हळद मागत होते. त्या म्हणाल्या, ‘पाणी.’ डॉक्टरांनी नंतर सांगितले की हात वाचला तो त्या पाण्याने. आणि तेच म्हणाले की कापड ओढायला नको होते. चिकटलेले तसेच राहू द्यायचे आणि भोवतीचे कापून टाकायचे. दोन महिने मला पीठ मळता आले नाही. मुलगी हाताच्या त्या बाजूला यायला भीत असे. इथे बसलेल्या पुष्कळ जणींनी तेव्हा आमच्या घरी डबे पोचवले. तो हिशेब मी विसरलेले नाही. पण तो हात मी आजवर लांब बाहीच्या आत ठेवला. आज जाणूनबुजून आखूड बाही घातली आहे.

पुढची बारा वर्षे मी याला माझे नशीब समजत होते. दिवाळीत नजर लागली, असेही कोणी म्हणाले.

मग आला कोरोना. शाळा बंद, आणि मुलगी केंद्रीय विद्यालयाच्या आठवीत. घरात मोबाइल एक आणि पुस्तके तिची. ती इंग्रजीतून वाचायची आणि मला मराठीत सांगायची, म्हणजे तिचा अभ्यास पक्का व्हायचा. विज्ञानाच्या पुस्तकात त्या वेळी तिसरा धडा होता कृत्रिम धागे आणि प्लॅस्टिक यांचा. वाचता वाचता ती थांबली आणि माझ्या हाताकडे पाहू लागली. धड्यात लिहिले होते की हे धागे तापल्यावर वितळतात, कपड्यांना आग लागली तर ते अंगाला चिकटतात, म्हणून स्वयंपाकघरात आणि प्रयोगशाळेत कृत्रिम कापडाचे कपडे घालू नयेत.

भगिनींनो, मी सातवीत शाळा सोडली. तो धडा आठवीत होता.

मुलगी म्हणाली, आई, तू रडू नको. मी म्हटले, रडत नाही, पुढे वाच. त्या दिवसापासून तिची सगळी पुस्तके मी वाचून घेतली, दहावीपर्यंत. बीजगणित सोडून.

आता या बशांकडे पाहा. यात सहा तऱ्हेचे धागे आहेत आणि कोणता कशाचा ते मी लिहून ठेवले आहे. कापसाचा धागा चिमट्यात धरून पेटवला की तो झटकन जळतो, कागद जळल्याचा वास येतो आणि मागे मऊ राखाडी राख उरते. बोटाने चोळली की उडते. कोशाचा धागा सावकाश जळतो, केस जळल्याचा वास देतो आणि काळी गुठळी बोटांत चुरते. लोकरही तशीच. पॉलिएस्टर आधी ज्योतीपासून दूर पळते, मग वितळते, काळा धूर सोडते आणि मागे टणक मणी उरतो. तो चुरत नाही. नायलॉनचेही तसेच, फक्त धूर कमी. सहावा धागा टेरिकॉटचा. त्यात कापूस आणि पॉलिएस्टर दोन्ही आहेत आणि तो सगळ्यात फसवा. पॉलिएस्टर वितळून गळून पडायचे, पण आतला कापूस त्याला वातीसारखा धरून ठेवतो, म्हणून ते जळतही राहते आणि चिकटतेही. घरोघरी किती गाऊन आणि परकर या मिसळीचे आहेत ते मोजा.

हीच परीक्षा आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. आपला जिल्हा कोशाचा. आपल्याकडची करवतकाठी साडी सगळ्या विदर्भात मानाने नेसतात. बाजारात मात्र कोसा म्हणून पॉलिएस्टरही सर्रास विकले जाते, आणि रंगाने, चमकेने ते ओळखू येत नाही. पदराच्या दशीतला एक उभा आणि एक आडवा धागा मागून घ्या आणि जाळून पाहा. दोन्ही पाहा, कारण एक खरा आणि एक खोटा घालूनही विणतात. दुकानदार धागा देत नसेल तर त्यातच उत्तर मिळाले. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी मिळते, तीही मागावी.

एक गैरसमज मात्र इथेच पुसते. सुती कापड पेटत नाही असे नाही. मी आताच दाखवले, ते नायलॉनपेक्षा लवकर पेटते. मोकळा पदर सुती असो की पॉलिएस्टरचा, तो विस्तवाजवळ शत्रूच. सुती कापडाचा फायदा एवढाच की ते झटकता येते, विझवता येते आणि कातडीवर वितळून बसत नाही. म्हणून जाड सुती, अंगासरशी, आणि पदर खोचलेला, असे तिन्ही हवे.

थोडे इतिहासाकडे वळते, कारण तो इतिहास आपल्या दारात आहे.

१८४५-४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये शोनबाइन नावाचे एक प्राध्यापक होते. गोष्ट अशी सांगतात की बायको घरी नसताना त्यांनी तिच्या स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल सांडले. घाबरून त्यांनी हाताशी आला तो बायकोचा सुती एप्रन घेतला, पुसले, धुतले आणि शेगडीजवळ वाळत घातला. वाळताच तो भप्पकन नाहीसा झाला. धूरही फारसा नाही. ही गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, नायट्रोसेल्युलोज म्हणजे दारूचा कापूस याच प्राध्यापकांच्या नावावर आहे. बायको घरी आल्यावर काय म्हणाली, ते मात्र कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही. मला तेच जाणून घ्यायचे होते.

याच कापसात पुढे कापूर मिसळला आणि सेल्युलॉइड झाले. होय, आरतीचा कापूर. अमेरिकेत जॉन हायट यांनी १८७० च्या सुमारास ते केले, कारण बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत परवडत नव्हते. प्लॅस्टिकने आधी हत्तीचा जीव वाचवला म्हणायचे! मग सेल्युलॉइडच्या फण्या आल्या, बांगड्या आल्या, बाहुल्या आल्या, टेबल टेनिसचे चेंडू आले. आणि सिनेमाची फिल्म आली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. त्या काळची फिल्म याच पदार्थाची, आणि ती आपोआप खराब होते, पेटली की विझत नाही. त्या चित्रपटाचा आज थोडाच भाग उरला आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्याला अशा जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी चित्रपट गेले. आपल्या नखांवरचे पॉलिशही नायट्रोसेल्युलोजचेच असते. ओले असताना निरांजनापाशी हात नेऊ नये.

१९६४ साली इथे आयुध निर्माणी उभी राहिली आणि तिच्याबरोबर ही वसाहत. भिंतीपलीकडे काय चालते ते आपण विचारत नाही आणि ते बरोबरच आहे. पण तोफगोळ्याला पुढे ढकलणाऱ्या दारूचा पाया हाच नायट्रोसेल्युलोज, हे कोणत्याही पुस्तकात मिळते. म्हणजे बायकोच्या एप्रनपासून निघालेली एक वाट फणीकडे गेली, एक सिनेमाकडे गेली आणि एक आपल्या नवऱ्यांच्या पाळीच्या भोंग्याकडे आली.

अशा कामात सुती कपडे घालतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटे की सरकार काटकसर करते. पुढे कारण कळले. हिवाळ्यात रात्री कॅशमिलॉनचा स्वेटर डोक्यातून काढताना तडतड होते आणि अंधारात ठिणग्या दिसतात. कृत्रिम धागा घासला की वीज धरतो. तो ओल शोषत नाही, म्हणून ती वीज उतरून जात नाही, साठते. आपल्याला ती गंमत वाटते. जिथे दारू आहे तिथे ती ठिणगी पुरते. २४ जानेवारी २०२५ ची सकाळ आपण सर्वांनी पाहिली आहे. आठ घरांतली माणसे गेली. त्याचे कारण काय, हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते सांगत नाही. एवढेच सांगते की त्या दिवसापासून मुलीच्या बाबांचे कामाचे कपडे मी स्वतः पाहते. आत घालायचा बनियनही सुतीच आहे ना, मोजेही सुतीच आहेत ना. ते हसतात. हसू द्या.

आता पन्नीविषयी, आणि मग पुरे.

राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने हातपिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून कप, चमचे, स्ट्रॉ अशा एकदाच वापरायच्या वस्तू देशभर बंद झाल्या. तरी बाजारात सांबाराची जुडी पन्नीतच मिळते, आणि आपणही ‘द्या’ म्हणतो. गायीच्या पोटात ती जाते हे सर्वांना माहीत आहे. पण मला दुसरीच सवय जास्त खुपते. गावाकडे चूल पेटवायला पन्नीचा तुकडा घालतात. लवकर पेट घेते, ओली लाकडेही धरतात. हिवाळ्यात इथे क्वार्टरच्या मागे शेकोटीत पन्नी, चपला, तारांचे तुकडे जातात आणि भोवती मुले हात शेकत बसतात. पीव्हीसी जळले की आम्लाचा वायू निघतो, आणि त्याच्या धुरातली काही विषे शरीरात वर्षानुवर्षे राहतात. तार जाळून तांबे काढणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही. आपण सांगू शकतो. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्याव्यात, तो घेतो. पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नये, तो बारीक तुकडा कोणीच उचलत नाही.

माझ्या घरात मी काय केले, असे कोणी विचारले म्हणून सांगते. नायलॉनच्या साड्या टाकल्या नाहीत. त्या मी नेसते, प्रवासाला, बाजाराला, पावसाळ्यात. माझ्या आईसाठी जी वस्तू सुखाची होती तिला मी वाईट म्हणणार नाही. फक्त ओट्याजवळ एक खुंटी ठोकली आहे आणि तिच्यावर जाड सुती एप्रन टांगला आहे, जुन्या चादरीचा, मीच शिवलेला. मागची फळी काढून बाजूच्या भिंतीला लावून घेतली. ओट्यावरून हात लांबवायचे कामच ठेवले नाही. आणि मुलीला सांगून ठेवले आहे, कधी काही झाले तर आधी गॅस, मग बांगड्या-अंगठ्या, मग वीस मिनिटे वाहते पाणी. चिकटलेले ओढायचे नाही. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. वीस मिनिटे फार लांब वाटतात. घड्याळाकडे पाहूनच मोजायची.

ज्यांनी आपापल्या साडीचा धागा आणला आहे त्यांनी आता एकेक करून टेबलापाशी यावे. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, लहान मुले मागे. पदर खोचून या. आणि ज्या काकूंनी २००८ साली माझा हात नळाखाली धरला होता, त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पहिला धागा त्यांच्या साडीचा.